इंदूरहून एका दिवसात महिदपूरची रणभूमी: दाखवणारं कोणी आहे का?

पलासियाकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा पाल्हाळ लावून विचारतेय, सांभाळून घ्या.

माझे मामा ठाण्याला असतात. वय ७४, पोस्टातून निवृत्त, एका गुडघ्याची वाटी बदललेली, बाकी ठणठणीत. काही वर्षांपूर्वी लेकीकडे ब्रसेल्सला गेले होते. तिने त्यांना एका दिवसाच्या सहलीच्या बसमध्ये बसवून दिलं. ईप्र गावाच्या आसपासची पहिल्या महायुद्धातली रणभूमी. सकाळी निघायचं, खंदक बघायचे, दफनभूमी बघायच्या आणि रात्री आठला मेनिन गेटच्या कमानीखाली येऊन उभं राहायचं. तिथे रोज आठ वाजता बिगूल वाजतो. १९२८ पासून वाजतोय, मधली जर्मनांच्या ताब्यातली वर्षं सोडली तर. ज्यांचे देहसुद्धा सापडले नाहीत अशा ५४ हजारांहून जास्त सैनिकांची नावं त्या भिंतींवर आहेत. त्यात आपले हिंदुस्थानी शिपाईही आहेत, मामांनी त्या नावांवर बोट ठेवून काढलेले फोटो मला पाठवले होते. पण मामा सांगत बसतात ते कमानीबद्दल नाही, त्या गाईडबाईंबद्दल. "अगं, समोर नुसतं बटाट्याचं शेत होतं. पण तिने असं काही सांगितलं की माझा पाय निघेना तिथून."

तर हे मामा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे येतायत. फोनवर मी उत्साहाने यादी वाचली: मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, सराफ्यातले गराडू. मामा म्हणाले, "ते सगळं झालंय माझं. तुमचं महिदपूर दाखव."

मी म्हटलं, "महिदपूर? तिथे काय आहे?"

मामा दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "अगं, होळकरांचं राज्य जिथे हातचं गेलं ती जागा. इंदूरची ना तू?"

मी इंदूरचीच. जन्म इथला, शाळा इथली, सासरही इथलंच. लहानपणापासून राजवाड्यासमोरून हजार वेळा गेले असेन. महिदपूरला एकदाही नाही. इतकी खजील झाले की काय सांगू.

आता मला हे हवंय: सकाळी जाऊन रात्री घरी परत, आणि मामांना त्या गाईडबाईची आठवण येणार नाही असं सांगणारं कोणीतरी. असं कोणी मिळतं का? गुडघ्याला झेपेल का? वाटेत आणखी काही जोडता येईल का?

छप्पन_नंबरी

ताई, खरं सांगू? काही नाहीये तिथे. मी दोन वर्षांपूर्वी महिदपूरला एका लग्नाला गेलो होतो. शेतं, नदी, किल्ल्याच्या भिंती, बाजार. संपलं. मामांना गुडघ्यासकट एवढं हिंडवून शेवटी गहू दाखवणार का? दाल-बाफले खाऊ घाला आणि लालबाग दाखवा, खूश होतील.

शिप्राकाठ

छप्पन नंबर, तुम्ही लग्नाला गेला होतात, लढाईला नाही.

ताई, मी बँकेतून निवृत्त. नोकरीतली तीन वर्षं महिदपूरच्या शाखेत काढली, तेव्हा संध्याकाळी करण्यासारखं काही नसायचं म्हणून नदीवर जाऊन बसायचो. तिथून हे खूळ लागलं. आता दर डिसेंबरला ओळखीतल्या दहा-बारा जणांना ट्रॅव्हलरमध्ये घालून नेतो. पण या वर्षी त्याच आठवड्यात पुण्याला नातवाची मुंज आहे, म्हणजे मी बाद. आणि दुसरा गाईड मिळणार नाही. उज्जैनला गाईड रग्गड आहेत, पण ते महाकाल, काळभैरव आणि सांदीपनींचे. एका वर्षी मला ताप होता तर आमच्या मंडळींनी त्यातल्या एकाला पैसे मोजून महिदपूरपर्यंत नेलं. त्याने वाटेत तीनदा विचारलं, "वहाँ देखने का है क्या साहब?" आणि पोचल्यावर गाडीतच झोपला.

तेव्हा गाईड तुम्हीच व्हायचं. घाबरू नका. मी कसं करतो ते सांगतो, त्यातलं जमेल ते घ्या.

आधी रस्ता. गुगलने "महिदपूर रोड" दाखवलं तर तिकडे वळू नका. ते रेल्वे स्टेशन आणि त्याच्याभोवतीचं वेगळं गाव, आपल्या महिदपूरपासून बरंच लांब. माझ्या एका मेव्हण्याने एकदा सगळा गट तिथे उतरवला होता आणि नदी कुठंय म्हणून विचारत होता. इंदूर ते उज्जैन तास-सव्वा तास, पुढे उत्तरेला साधारण तेवढंच. सोमवार आणि सणवार टाळा, महाकालच्या गर्दीत अडकलात तर दिवस गेला. साडेसहाला पोहे खाऊन निघा.

गोष्ट गाडीतच सुरू करायची. नदीवर पोचेपर्यंत माणसं आधीच अस्वस्थ झालेली असली पाहिजेत. आणि सुरुवात करायची भानपुऱ्यापासून. यशवंतराव होळकरांनी तिथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला, स्वतः भट्टीपाशी उभे राहायचे, आणि १८११ मध्ये तिथेच गेले. मागे राहिल्या त्या तोफा, कवायती पलटणी आणि पाच वर्षांचा मुलगा. कारभार यशवंतरावांच्या अंतःपुरातल्या तुळसाबाईंच्या हातात. १८१७ चा नोव्हेंबर उजाडला तेव्हा हा मुलगा, दुसरे मल्हारराव, ११ वर्षांचा. ५ नोव्हेंबरला खडकीला पेशवे हरले, महिनाअखेरीस सीताबर्डीवर नागपूरकर भोसले हरले, आणि आपल्यातलाच अमीरखान पठाण त्याच महिन्यात इंग्रजांशी तह करून वेगळा झाला. आता दरबारात दोन तट. तुळसाबाईंचा कल बोलणी करण्याकडे, आणि पलटणींच्या सरदारांना पेशव्यांच्या मदतीला जायचंय. सरदारांना वाटलं बाई आपल्याला विकणार. १९-२० डिसेंबरच्या रात्री त्यांनी तुळसाबाईंना शिप्रेच्या काठावर नेऊन त्यांचा शिरच्छेद केला आणि देह पाण्यात टाकला.

हे सगळं महिदपूरच्या अलीकडे सांगून संपवा आणि मग गप्प बसा. गाडीत कोणी गाणी लावू नये.

नदीवर काय करायचं? इथेच छप्पन नंबरांसारखी माणसं फसतात. ती स्मारक शोधतात. स्मारक मनातून काढून टाका, उतार शोधा. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा. २१ डिसेंबरला सकाळी सर थॉमस हिस्लॉपची मद्रासची फौज आली तेव्हा नदीच्या पलीकडे होळकरांची फौज रांग धरून उभी होती, पुढे तोफा. ओलांडायला सोयीचा उतार एकच, आणि तो तोफांच्या पल्ल्यात. हिस्लॉपने लांबून वळसा घालण्याऐवजी त्याच उतारातून माणसं घातली. पलीकडच्या काठाखाली ती जमा झाली, आणि मग जॉन माल्कमने त्यांना सरळ तोफांच्या तोंडावर नेलं.

पहिल्या वर्षी मी ही गोष्ट चुकीच्या काठावर उभं राहून सांगितली. अर्धा तास रंगवून बोललो, आणि नंतर कळलं की मी मंडळींना इंग्रजांच्या बाजूला उभं केलं होतं आणि "आपल्या तोफा इथे" म्हणत होतो. आता मी मुद्दामच आधी तिथे उभं करतो. पाण्याकडे तोंड करा, समोर तोफा आहेत असं समजा, आणि विचारा: तुम्ही उतरला असतात का? मग पुलावरून पलीकडे जायचं आणि तोच प्रश्न उलटा: समोरून माणसं पाण्यात उतरतायत, तुमच्यामागे तुमच्याच राज्याच्या बाईचं रक्त अजून सुकलेलं नाही, आणि नेमका हुकूम कोणाचा ते कोणालाच माहीत नाही. तुम्ही थांबला असतात का?

गोलंदाज थांबले. हे मामांना जरूर सांगा. रोशन बेगच्या तोफखान्यातली माणसं संगिनी अंगात शिरेपर्यंत तोफेपासून हलली नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. पायदळ मोडलं, घोडदळ निघून गेलं. यशवंतरावांची मुलगी भीमाबाई, तेव्हा २२ वर्षांची, ती घोडेस्वार घेऊन माल्कमवर चालून गेली असं सांगतात. सांगा, पण "सांगतात" हा शब्द गाळू नका. मामांसारखी माणसं तिथेच पकडतात. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून आठशेच्या आसपास, त्यातले बहुतेक त्या तोफांनीच. होळकरांचे तीन हजारांच्या घरात. साठाहून जास्त तोफा गेल्या. भानपुऱ्याची भट्टी संपली ती अशी. स्कॉटलंडच्या रॉयल स्कॉट्स पलटणीला त्या दिवशीच्या बहादुरीचं बिरुद मिळालं, आणि आपल्याकडच्या मद्रास सॅपर्सनाही. महिदपूरच्या चहावाल्याला हे ठाऊक नाही.

चादर आणि शेंगदाणे घेऊन जा. चेष्टा नाही करत. चादरीवर निळी ओढणी आडवी टाकायची, ती शिप्रा. शेंगदाणे तोफा, पार्ले-जी पलटणी. गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी घडीची खुर्ची. चादर पसरली की गावातली पोरं जमतात आणि पलटणी खातात, तेवढं धरून चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे परतताना सांगायचं, उज्जैन मागे पडल्यावर. ६ जानेवारी १८१८, मंदसोरचा तह. होळकरांच्या बाजूने बोलणी केली तात्या जोग यांनी, म्हणजे विठ्ठल महादेव किबे. तेच ते, ज्यांच्या घराण्याच्या नावाने आपलं किबे कंपाउंड. लढाईआधी सरदारांनी त्यांना कैदेत टाकलं होतं. हरल्यावर बाहेर काढून तहाला पाठवलं. राजपूत राज्यांवरचे हक्क गेले, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, टोंक अमीरखानाला, जावरा होळकरांचाच सरदार गफूरखान याला. गफूरखान ऐन लढाईत फितला असं आपल्याकडे म्हणतात. तहाच्या बाराव्या कलमात जावऱ्याचा उल्लेख आहे एवढं मी सांगतो, पुढचं ज्याने त्याने ठरवावं. आणि त्याच वर्षी राजधानी इंदूरला आली. अहिल्याबाईंची महेश्वर, यशवंतरावांची भानपुरा, आणि हरल्यानंतरची इंदूर. रेसिडेन्सी आली, छावणी आली, मागून कारकून आले, आणि कारकुनांमागून आपण. माझे खापरपणजोबा रत्नागिरीहून इकडे आले ते होळकर दरबारात कारकुनी करायला. महिदपूरला होळकर जिंकले असते तर मी आज कुठेतरी आंब्याची कलमं बांधत बसलो असतो.

हे वाक्य लवकुश चौकाच्या आसपास येईल असं जमवतो मी दर वर्षी.

मीटरगेज

शिप्राकाठ काकांनी धरमत गाळलं? वाकडी वाट करून जाण्यासारखं आहे. उज्जैनच्या नैर्ऋत्येला फतेहाबाद, त्याच्याजवळ धरमत. एप्रिल १६५८ मध्ये औरंगजेब आणि मुराद एका बाजूला, शाहजहानने पाठवलेला जोधपूरचा जसवंतसिंह दुसऱ्या बाजूला. आजूबाजूला खड्डे आणि दलदल, राजपूत घोड्यांना पसरायला जागाच नाही. कोट्याचा मुकुंदसिंह हाडा पडला, रतलामचा रतनसिंह राठोड पडला. रतनसिंहाची छत्री आहे तिथे. बघायला काहीतरी दगडाचं हवं असणाऱ्यांची सोय. जिंकल्यावर औरंगजेबाने गावाला नाव दिलं फतेहाबाद.

आणि फतेहाबाद स्टेशनचे गुलाबजाम. मीटरगेजच्या काळात गाडी थांबली की अर्धी गाडी प्लॅटफॉर्मवर असायची. माझे आजोबा धरमतची लढाई न चुकता सांगायचे आणि गोष्ट गुलाबजामपाशीच संपवायचे. त्यामुळे मला बरीच वर्षं वाटायचं की औरंगजेब त्यासाठीच आला होता.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून राम राम. होळकरांच्या गप्पांत शिंदेशाहीने नाक खुपसू नये, पण राहवत नाही.

शिप्राकाठ साहेब, तुमच्या चादरीवर एक शेंगदाणा आमचाही ठेवा. महिदपूरच्या सोळा वर्षं आधी, १८०१ मध्ये, तुमचे यशवंतराव जुलैत उज्जैनला आमच्या पलटणी कापून गेले आणि ऑक्टोबरात आमच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून वचपा काढला. पुढच्या वर्षी पुण्याजवळ हडपसरला पुन्हा तेच. मग १८१७ मध्ये कोण कोणाच्या मदतीला येणार होतं? उज्जैनवरून जाताना हे मामांना सांगा, म्हणजे खापर एकट्या गफूरखानावर फुटणार नाही.

बाकी "स्मारक शोधू नका" हे एकदम पटलं. आमच्याकडे २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, महाराजपूर आणि पनिहार. शिंद्यांची फौज दोन्हीकडे हरली. महाराजपूरला गव्हर्नर जनरल एलनबरो जातीने हजर होता. पकडलेल्या तोफांचं काय केलं? वितळवून त्यांचे सहा टोकांचे तारे पाडले आणि आपल्या सैनिकांना पदक म्हणून वाटले. तोफांचा धातू वापरून कोलकात्याला हुगळीच्या काठी स्मारकही उभारलं, तिथे त्याला आजही ग्वाल्हेर मॉन्युमेंट म्हणतात. म्हणजे लढाई आमची, तोफा आमच्या, मेले आमचे, आणि फुलं वाहायची तर हावडा मेल पकडा. पनिहार शिवपुरी रस्त्यावर आहे. मी पाहुण्यांना घेऊन जातो, रस्त्याकडेला गाडी थांबवतो, आणि पाहुणे विचारतात, "टायर पंक्चर झालं का?"

उलट जिथे स्मारक आहे तिथे वेगळीच पंचाईत. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर मी एकदा पुण्याच्या पाहुण्यांसाठी गाईड केला. पठ्ठ्याने वीस मिनिटं सिनेमातले संवाद म्हटले, घोडा कुठे अडला ते हात हवेत उडवून दाखवलं. मी हळूच विचारलं की तारीख १७ जून की १८? इंग्रजांच्या कागदांत १७ सापडते, इथे मानतात १८. तर म्हणाला, "भाईसाहब, इतना डीप में मत जाइए." गंगादासांच्या बड्या शाळेत तर त्याने नेलंच नाही. राणींचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून तिथले साधू लढले आणि ७४५ पडले अशी परंपरा आहे. लांब पण नाही, तिथल्या तिथेच. पण त्याच्या पॅकेजात नव्हतं.

म्हणून ताई, गाईड मिळत नाहीये हे तुमचं नशीब समजा.

पलासियाकरीण

बाप रे, काय काय लिहिलंत सगळ्यांनी! शिप्राकाठ काका, मी तुमचं उत्तर छापून घेतलंय. दोन शंका. एक, बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय? दुसरी, नर्मदेवर रावेरखेडीला बाजीरावांची समाधी आहे ना, मामांना तीही बघायचीय. त्याच दिवशी होईल?

शिप्राकाठ

पहिलं: उज्जैनच्या बाहेर चांगल्या ढाब्यावर उरकून घ्या, पुढे भरवसा नाही. हे मला माझ्या बायकोने पहिल्याच वर्षी फार स्पष्ट शब्दांत समजावलंय.

दुसरं: नाही. महिदपूर उत्तरेला, रावेरखेडी दक्षिणेला सनावदकडे. एका दिवसात दोन्ही केलंत तर मामांना फक्त डॅशबोर्ड आठवेल. आणि रावेरखेडी ही रणभूमी नव्हे. बाजीराव तिथे लढून नाही, तापाने गेले, २८ एप्रिल १७४०. तिथे बोलायचं कमी असतं, बसायचं जास्त. वेगळा दिवस काढा, महेश्वरबरोबर करा.

पलासियाकरीण

मंडळी, जाऊन आले! उशिरा लिहितेय, मामा कालच परत गेले.

रविवारी साडेसहा म्हणता म्हणता सव्वासातला निघालो. मामा, मी, आमचे हे, सातवीतली लेक आणि भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर. धरमत जाताना करायचं ठरलं होतं, पण धुकं इतकं की मामा म्हणाले, "औरंगजेब परतताना बघू."

गाडीत गोष्ट सुरू केली आणि पहिल्या पाच मिनिटांतच गोंधळले. दुसरे मल्हारराव म्हटल्यावर लेक म्हणाली, पहिले कुठे गेले? मग सुभेदार मल्हारराव, खंडेराव, अहिल्याबाई अशी सगळी वंशावळ सांगत बसले आणि यशवंतरावांपर्यंत येईतो उज्जैन आलं. काका, तुमच्या वेळापत्रकाचे बारा वाजले. पण तुळसाबाईंचं मात्र बरोबर महिदपूरच्या अलीकडे आलं, आणि खरोखर कोणी बोललं नाही. ड्रायव्हरने गाणी आपणहूनच बंद केली.

नदीवर आधी चुकीच्या काठावर उभे राहिलो. समोर किल्ल्याचा भाग, खाली पाणी, एक म्हातारा म्हशी धुवत होता. मामा घडीच्या खुर्चीवर बसले. मी विचारलं, "मामा, तुम्ही उतरला असतात का?" मामांनी गुडघ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मला आधी लेखी हुकूम लागला असता." पोस्टातली सवय! मग पलीकडे गेलो, चादर पसरली, शेंगदाणे मांडले. पलटणी गावातल्या पोरांनी खाल्ल्या, सांगितल्याप्रमाणे. पण त्यांतल्या एका पोराने लढाई पुन्हा मांडायला लावली, कारण त्याचं म्हणणं पडलं की शेंगदाणे पाण्याच्या जास्त जवळ हवेत, "नहीं तो गोला पहुँचेगा नहीं." मामा त्याच्यावर भलतेच खूश. दोघांनी मिळून तोफा तीनदा हलवल्या. गोलंदाजांचं सांगितलं तेव्हा मामा उठून उभे राहिले. बोलले काही नाहीत. ईप्रचा विषय दिवसभर निघाला नाही, एवढं सांगते.

खरी गंमत परतताना. धरमतची छत्री बघून फतेहाबादला गुलाबजाम खायला थांबलो होतो. मी काकांनी लिहिलेला तह वाचत होते. जावरा, गफूरखान, फितुरी इथवर आले. तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, एक बात बोलूँ? मैं जावरे का हूँ. हमारे यहाँ ये किस्सा दूसरी तरह सुनाते हैं."

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर त्याच्यासमोर मी फितूर-फितूर चालवलं होतं. मामा म्हणाले, "बोलो भाई, पहले बैठो." त्याच्यासाठी आणखी एक द्रोण मागवला. तो बसला आणि शांतपणे म्हणाला, "जिस फौज ने अपनी ही बाई का सिर काट दिया, वो दो दिन बाद अंग्रेज से क्या लड़ती? नवाब साहब रुकते तो भी वही होता." मग मामांनी त्याला लष्करवाल्यांचा १८०१ चा शेंगदाणा सांगितला, त्यावर त्याने नवाबांच्या पुढच्या पिढ्यांची गोष्ट सांगितली, आणि आम्ही तिथेच पाऊण तास. आमचे हे दोनदा घड्याळ दाखवून गेले. किबे कंपाउंडला पोचलो तेव्हा अंधार झाला होता, लेक झोपलेली, मामा पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला तात्या जोग समजावून सांगतायत, हिंदीत, ठाण्याच्या हिंदीत.

काका, पुढच्या डिसेंबरला हाच ड्रायव्हर घ्या. नंबर तुम्हाला खासगी निरोपात पाठवते. रावेरखेडीलाही त्यालाच नेलं होतं.

शिप्राकाठ

नंबर पाठवा. वीस वर्षं मी तो तह लवकुश चौकात वाचतोय, आणि तो फतेहाबादला वाचायला हवा होता!

आणि त्या पोराचं बरोबर आहे. शेंगदाणे मी फार मागे ठेवत होतो.